आबाचं माप

अंकुशनगर,
ता. २४ जानेवारी १९९९, रविवार

चिरंजीव मच्छिंद्रास,

अक्काचा आशीर्वाद. नंदाला आणि लेकरांना माझी आठवण सांग. आम्ही इकडं सगळे बरे आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.

तुझं कार्ड मिळालं. परतूरला दोन खोल्या उभ्या राह्यल्या, माघात घरभरणी काढली, वाचून लई बरं वाटलं. तुझ्या दाजींना दोनदा वाचून दाखवलं. फक्त शेवटच्या चार ओळी वाचल्या न्हाईत. "आबाचं घोंगडं पाठव, पहिल्या दिवशी तेच अंथरायचंय. वर्ष झालं, ट्रंकेत दडवून बसलीस. बापाच्या वस्तूची एवढी हाव बरी न्हाई, अक्का." तू रागानं लिहिलंस, पण बराबर लिहिलंस. तुझ्या जागी मी असते तर याच्यापेक्षा वाईट लिहिलं असतं.

घोंगड्याचं सांगते. आधी बाकीचं लिहू दे.

साखर कारखान्याचा सीझन भरात आहे. उसाच्या गाड्यांनी रस्ता जाम असतो. दाजींची पाळी दर आठ दिवसांनी बदलते, तसा माझा स्वयंपाक बदलतो. मागच्या रविवारी पोलिओचे डोस होते, तर ऊसतोडीच्या टोळ्यांतली लेकरं हुडकत दिवसभर पाचटाच्या कोपीकोपीनं फिरले. सासूबाईचं डावं अंग अजून उठत न्हाई. त्यांना न्हाऊ घालायचं, पोरांचे डबे, मंग अंगणवाडी, खिचडी, रजिस्टरं. दर पत्रात हेच लिहिते, तुला वाटत असंल हिचं रडगाणं काही संपत न्हाई. आबालाही मी हेच सांगायचे. येळ न्हाई, आबा.

मच्छिंद्र, ट्रंकेत घोंगडं न्हाई. कधीच न्हवतं.

हे लिहून मी उठले, चहा केला, सासूबाईला पाजला आणि परत बसले. आता पुढचं लिहिता येईल.

तुला आठवतंय, कालव्याचं पाणी आलं, लोकांनी माळ फोडून ऊस लावला, चराई संपली आणि आबानं मेंढरं विकली. विकायच्या आधी शेवटची कातरणी केली. त्या काळ्या लोकरीचं पोतं घेऊन तो माझ्या दारात आला, कारण आई गेल्यावर घरात सूत काढणारी मी एकटीच. म्हणला, "जयवंते, ह्याचं सूत काढ, तुझ्या आईसारखं बारीक. मंग जांबच्या त्रिंबककडून विणून घेऊ. मला आता दुसरं काही नको." तू तव्हा जिनिंगवर नवा होतास, एका खोलीत राहायचास. म्हणून आबा माझ्याकडंच राह्यला.

मी पोतं पलंगाखाली सरकवलं. कच्च्या लोकरीला वास असतो, तुला काय सांगायचं. कॉलनीतल्या बायका विकतच्या लोकरीचे स्वेटर विणतात. त्यातली एक आली, नाकाला पदर लावून म्हणली, "मेंढरं घरात बांधता का, जयवंताबाई?" मी तिच्यासंगं हसले. ती गेल्यावर पोतं माळ्यावर टाकलं, सरपणामागं. आबा दारातच बसला होता, त्यानं ऐकलं असणार.

दीड वर्ष असंच गेलं. पोळ्याला विचारलं, दिवाळीला विचारलं. संक्रांतीला मी पोळ्या लाटत होते, तव्हा परत म्हणला, "सूत कुठवर आलं गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काढून झालं की. त्रिंबकमामाकडं दिलं बी." आबाचं तोंड असं उजळलं की मला माघारी फिरता येईना. त्या दिवशी तो एक पोळी जास्त जेवला.

मनात म्हणलं, शिमग्यापर्यंत काढू आणि खरंच नेऊन देऊ. शिमगा गेला. रामनवमीला आबा म्हणला, जांबला जाऊन येतो, रामाचं दर्शन होईल. त्रिंबकमामा त्याच गावचा. संध्याकाळी एसटीतून उतरला, पाय धुतले आणि आपणहून बोलला, "त्रिंबक भेटला. घोंगडं मागावर हाय म्हणतो. थोडंच राह्यलंय."

आता बघ मी कसली बहीण तुझी. मला वाटलं, त्रिंबकमामा येईल त्याला हेच सांगतो. म्हातारपणी कुणाचं सूत कुणाचं, त्याला कुठं ध्यानात राहतंय. मी सुटले म्हणून मला बरं वाटलं. त्या दिवसानंतर आबानं घोंगड्याचं नाव काढलं न्हाई. मला वाटलं, विसरला.

येळ न्हवता, हे तर मी तुलाही सांगेन आणि तू मानशील. पण ते खरं न्हाई, मच्छिंद्र. त्याच उन्हाळ्यात आमच्या सुपरवायझरबाईच्या लेकीचं लग्न होतं. रुखवतात मांडायला मण्यांचं तोरण आणि क्रोशाचे सहा रुमाल मी करून दिले. कुणी सांगितलं न्हवतं, मीच आपणहून म्हणले, मी करते. लई वाहवा झाली. दीड महिना दुपारची बसत होते. आणि आबा समोर बसून मला मणी निवडून द्यायचा. लाल येगळे, पांढरे येगळे. डोळ्यांनी नीट दिसत न्हवतं तरी. एकदा नुसतं म्हणला, "तुझ्या आईचा हात तुझ्यात उतरलाय बघ."

मार्गशीर्षात आबा गेला, तव्हा त्याच्या अंगावर दोन चादरी होत्या, एक माझी आणि एक शेजारणीची. तरी हुडहुडी भरायची. ते तू पाह्यलं न्हाईस, तू दुसऱ्या दिवशी आल्तास.

दहाव्याला सगळ्यांसमोर तू विचारलंस, आबाचं घोंगडं कुठंय. मी म्हणले, ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. तू मागितलंस, मी दिलं न्हाई. तू न जेवता गेलास. तव्हापासून माझ्या घरी पाणी प्यालास न्हाई, वर्षश्राद्धालाही उभ्या उभ्या आलास आणि गेलास. मी तुला हावरट वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा तेच सोपं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोतं खाली काढलं. कसर लागली होती, किड्यांनी लोकर खाल्ली होती. हात घातला की लोकरीचा भुगा हातात यायचा. निम्मी बी चांगली निघाली न्हाई. जेवढी निघाली तेवढी पिंजली आणि आईची टकळी घेतली.

आणि ऐक, येळ मिळाला. नळाच्या रांगेत मिळाला, अंगणवाडीच्या वाटेवर मिळाला. अंबडच्या मीटिंगला टकळी नेली, तर बाई सगळ्यांदेखत बोलल्या, मी तशीच काढत राह्यले. सासूबाईला भरवताना एका हातानं भरवलं. वासाचं कुणी बोललं तर बोलू दे म्हणले. काम एका तासानं बी कमी झालं न्हवतं. आबा होता तव्हाही दिवस एवढाच होता.

दिवाळीनंतर सूत घेऊन मी जांबला गेले. त्रिंबकमामा लई थकलाय. मला बघून म्हणला, "आलीस का. तुझा बाप म्हणला होता येईल म्हणून." मी विचारलं, कव्हा?

तो म्हणला, "रामनवमीला आल्ता की. मी सांगितलं, आबाराव, तुमचं सूत आलंच न्हाई माझ्याकडं. मंग म्हणला, येईल. लेकीच्या मागं काम लई हाय. तू माझं माप तेवढं घेऊन ठेव, म्हंजे तिला दोन खेपा नको."

मागाच्या खुंटीला एक सुतळी लटकत होती, दोन गाठी मारलेली. एक गाठ डोक्याची, एक घोट्याची. डोक्यावरून खोळ करून उभा राह्यला तर पायापर्यंत आलं पाह्यजे, म्हणून आबानं तिथं उभं राहून माप दिलं होतं. त्रिंबकमामानं ती काढून माझ्या हातात दिली.

मच्छिंद्र, आबाला सगळं माहीत होतं. माहीत असून तो घरी आला, थोडंच राह्यलंय म्हणला, आणि मे महिनाभर माझे मणी निवडत बसला. मी तिथंच मागाजवळ खाली बसले आणि लई रडले. त्रिंबकमामा बिचारा पाणी घेऊन उभा.

परवा घोंगडं हातात आलं. चिंचोक्याची खळ घातलेलं, कडक, काळं. सूत आईसारखं बारीक आलंय, तेवढं मात्र खरं. पण सूत पुरलं न्हाई. मापाला लावलं तर हातभर कमी भरतंय. त्रिंबकमामा म्हणला होता, दुसरी लोकर हाय, घालून पुरं करतो. मी न्हाई म्हणले. ती आबाच्या मेंढरांची न्हवती.

घरभरणीला दाजींच्या हाती पाठवते. अंथरायला बराबर होईल, बसायला माणसाला कितीशी जागा लागती. नंदाला सांग, ऊन दाखवत जा. मात्र अंगावर घेऊन बघू नको. तू उंचीनं आबाएवढाच आहेस. तुझे पाय उघडे राहतील, आणि ते मला कुणी येऊन सांगितलं तर मला सोसायचं न्हाई.

मी येत न्हाई. तू बोलावलंस तर येईन. बोलावलं न्हाईस तरी तुझा राग मी धरणार न्हाई, तो आता तुझ्या हक्काचा आहे.

आबाला, आणि तुलाही, खोटं सांगितलेली
तुझी अक्का

ता. क. घोंगडं सगळं तुझं. सुतळी तेवढी मी ठेवून घेतली आहे. ती मागू नको. हाव म्हणलास ना, ती एवढीच आहे.