सगळ्या तालुक्याचा एकच जावई

आदरणीय हिंमतराव दाजी यांना लोहाऱ्याकडून बब्रुवानचा दंडवत.

तुमचा गुडघा, अक्काची साखर आणि जळकोटच्या रानातली तूर, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आमचं विचारू नका. (न विचारताच सांगतो.)

आमच्या सरदारला, म्हणजे देवणी जातीच्या वळूला, नऊ वर्षांमागं प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. अंग पांढरंधोट, तोंड तेवढं काळं. ह्याला वानेरा म्हणतात, आणि तेव्हापासून गावाला वानेऱ्याशिवाय दुसरं काही दिसेना. कुणाचीही गाय माजावर आली की आमच्या दारात. ठिपक्याच्या कालवडी बाजारात, पांढऱ्या तेवढ्या दावणीला. शेवटी गावची वासरं साच्यातून काढल्यागत एकसारखी झाली. शेजारचे ईरण्णा आणि बेगमबी महिनाभर चुकून एकमेकांचं वासरू सांभाळत होते (आणि दोघंही म्हणत, आपलंच जरा उजवं).

यंदा आमची चंद्री गाय व्याली, पण वासरू उभंच राहिना. चौथ्या दिवशी गेलं. चंद्री त्या कोपऱ्याकडं बघून हंबरायची, मला गोठ्यात पाय टाकवेना. जनावरांच्या डॉक्टर शाहीन मॅडम आल्या. वासराचा बाप कोण? म्हटलं, सरदार. चंद्रीचा? सरदार. चंद्रीच्या आईचा? मी नुसती टोपी काढून डोकं खाजवलं.

"काका, लग्न जमवताना तुम्ही सात पिढ्या धुंडाळता," त्या म्हणाल्या, "आणि इथं रंग बघून सगळं रक्त एक करून ठेवलंत. बाहेरचा वळू आणा."

आधी कृत्रिम रेतनाची कांडी भरली, दोनदा, पण चंद्री गाभ धरेना. मग निघालो वळू हुडकत. तेर गावात एक पाहिला, डोळे निवले. मालक छाती फुगवून म्हणाला, "वळखलं न्हाय व्हय? तुमच्याच सरदारचं पोरगं हाय!" दुसरा पाहिला, तो नातू. तिसऱ्या ठिकाणी तर मालकानं "या व्याही" म्हणून मला मानाची टोपी चढवली आणि चहा पाजला. दाजी, ज्या कीर्तीवर नऊ वर्षं मिशीला पीळ भरला, ती जिथं जावं तिथं माझ्याआधी पोचून बसलेली!

बाकी सर्व ठीक. अक्काला नमस्कार.

आपला,
बब्रुवान

ता. क. : काम असं की, तुमचा शेवरा, म्हणजे ठिपक्यांचा, वळू दोन महिने पाठवावा. मागल्या प्रदर्शनात मी परीक्षक असताना त्याचे काळे ठिपके बघून "गोधडीला ठिगळं लावल्यात" असं म्हणालो आणि त्याला रांगेतून काढलं, ते चुकलं. (माईक चालू होता हे मला ठाऊक नव्हतं.) मॅडम म्हणतात, ठिपक्यांमुळं त्याच्या घराण्याला कुणी विचारलं नाही, म्हणूनच त्याचं रक्त वेगळं राहिलं.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना कळलं की आमच्या बायकोनं अक्काला कालच फोन केलाय. चंद्री सकाळीच टेम्पोत चढून तुमच्याकडं निघाली. सोबत मी नको, असं दोघींनी ठरवलंय म्हणे. तेव्हा वळू पाठवू नका. माफी तेवढी ठेवून घ्या, ती आता बिनकामाची आहे.