वेकच्या मागं अप नव्हतं

९ डिसेंबर. अमरावती, एसटी स्टँड.
आजपासून इंग्रजी पक्की. जुनी डिक्शनरी घेतली. शेवटची पानं फाटलेली, पण झेड कोणाले लागते? सेमाडोहच्या लॉजवर नोकरी, तीन दिवस ट्रायल. तेल्हाऱ्याहून बाबा फोनवर म्हणे, शिवम, ही चौथी. हीबी सुटली तर गुपचूप वावरात जागलीले बस, हरभऱ्यात डुकरं येऊन राहिले. रात्रभर एकटा! मी घाबरत नाही. पण नोकरी टिकवणार म्हणजे टिकवणार.

१० डिसेंबर. सेमाडोह.
मॅनेजर इमादभाईले सांगितलं, इंग्लिश फ्लुएंट आहे. खुश झाले. रूम चारमध्ये अकोल्याचे खुशालराव, रिटायर मास्तर, एकटेच. वाघासाठी तिसरी खेप. म्हणे, एकदा वाघ दिसला का मी सुटलो. लय खोकतात.

संध्याकाळी ७.
इमादभाई परतवाड्याले गेले. इंग्रजीत चिठ्ठी ठेवली : रूम फोर, वेक, फाइव्ह ए. एम. डोन्ट बी लेट.
वेक अप मले माहीत आहे. इथं अप नाही. शिकलेला माणूस अप विसरत नाही. डिक्शनरी काढली. वेक : जहाजामागं पाण्यात उमटणारी रेघ. सेमाडोहात जहाज नाही. वेक : प्रेताजवळचं जागरण.
मग लेट पाहिलं : कैलासवासी.
म्हणजे मास्तर गेले. अन् मले ताकीद, तू कैलासवासी होऊ नको.
चारमधला खोकला बंद आहे.

११ डिसेंबर. पहाटे ५.
चारच्या दारात. दार वाजवलं नाही. गेलेल्या माणसाले कावून त्रास? उदबत्ती लावली. हनुमान चालीसा अर्धीच येते, तीच दोनदा म्हटली.

५.३०
जिप्सीवाला म्हणे, चारवाले कुठं हायेत? मी आभाळाकडं बोट दाखवलं. त्यानं टोपी काढली अन् बाकीच्या पाहुण्यांले घेऊन सफारीले निघून गेला.

६.४०
दार उघडलं. मफलर बांधून मास्तर! म्हणे, अबे, उदबत्ती कोणासाठी? जिप्सी कुठाय?
जो किंचाळला तो मी नव्हतो.

९.००
जिप्सीवाल्यांले वाघीण दिसली. दोन पिल्लांसकट. मास्तर पायरीवर बसून राहिले, चहाबी घेतला नाही. परतवाड्याहून आलेले इमादभाई म्हणे, मियाँ, उठाया क्यूँ नहीं? मी अपचं व्याकरण समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग माझी बॅग आणून दिली. निघताना मास्तरनं डिक्शनरी मागितली, वेकसमोर लाल पेनानं अप लिहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

१३ डिसेंबर. तेल्हारा, वावर.
जागलीवर. आज डोळा लागूच देणार नाही.

१४ डिसेंबर. सकाळ.
बाबानं पाय हलवला. ऊठ बे, म्हणे, हरभरा गेला.
ऊठले अप लागलं नाही.