हातमोजे न काढणारा भाचा

ती. आत्यास,

लांबूनच नमस्कार. (पायांना लावण्याजोगे माझे हात सध्या राहिलेले नाहीत, का ते पुढे कळेलच.) तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाहीच, पण पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

तू तीस वर्षं नर्स होतीस, तुझं बघून मीही झालो, आणि तुझ्याच शब्दावर या वॉर्डात चिकटलो. इथे मी कॉलर ताठ करून सांगत फिरायचो, की हातमोज्यांशिवाय मी कशालाच हात लावत नाही. ते खरंच होतं गं! फक्त सकाळी चढवलेली जोडी थेट दुपारी जेवतानाच उतरायची. मोजे घातले की आपण स्वच्छ, अशी माझी पक्की समजूत. (हात धुवायचेही वाचतात.)

परवा मेट्रनबाईंनी कुणालाही न सांगता पहिल्या खाटेच्या कठड्याला कसलीशी पूड फासून ठेवली. एरवी दिसत नाही, निळ्या दिव्याखाली चमकते. दुपारी पडदे ओढून त्यांनी दिवा फिरवला. दाराची कडी चमकली, फोन चमकला, चहाची किटली, खुद्द मेट्रनबाईंची खुर्ची, माझं नाक! सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. मग दिवा चौथ्या खाटेवरच्या आजींच्या पोटाकडे वळला. त्यांचं ड्रेसिंग सकाळी मीच केलं होतं. पट्टीवर माझी चार बोटं लख्ख उमटली होती.

ही नुसती पूड होती गं. पण मागच्या महिन्यात याच आजींची जखम चिघळली, ताप चढला, पुन्हा टाके घालावे लागले. तेव्हा मीच त्यांना झापलं होतं, की तुम्हीच खाजवलं असणार. तेव्हापासून बिचाऱ्या रोज माझी माफी मागतात. आत्या, मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

तुझा,
नालायक भाचा

ता. क. : खरं काम हे. उद्या भेटीच्या वेळेला येतेस का? आजींना मी खरं काय ते सांगतो, तू नुसती शेजारी उभी राहा. एकट्याची हिंमत होत नाही.

ता. क. २ : येऊ नकोस. राहवलं नाही, आत्ताच सांगून आलो. आजी म्हणाल्या, "ठाऊक होतं रे. पट्टी बदलताना तुझ्या मोज्यांना चहाचा वास यायचा." मग बोलला का नाहीत, असं विचारलं. तर म्हणाल्या, "तू रागावला असतास, तर मला पाणी कुणी दिलं असतं?"