दादाच्या गच्चीवरचा झेंडा

१४ मे, मंगळवार

दादा पडला! निकालाच्या मांडवातच माईक हिसकावून ओरडला — "मला समोरच्यांनी नाही, आपल्याच अध्यक्षांनी पाडलं!" मी पक्षकार्यालयाचा सचिव, आणि हा माझा सख्खा भाऊ.

१५ मे, बुधवार

जिंकलेल्यांची पोरं दादाच्या दारात नाचून गेली. तोंडाला येईल ते बोलली, पण दगड एकही नाही. गच्चीवर आमचा झेंडा आहे ना. त्या झेंड्याखालच्या घराला हात लावला की आमची पोरं हाडं मोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

१६ मे, गुरुवार

बैठक. खजिनदार म्हणाले, "पडलेल्याला वाऱ्यावर सोडलंत, तर उद्या उभं कोण राहील?" वकीलसाहेब उसळले, "त्याच्या गळ्यात गळा घालून आपणही बुडायचं का?" अध्यक्ष शांतपणे चहा ढवळत होते. मग माझ्याकडे बघून — "झेंडा तुम्हीच उतरवा. घरचा माणूस बरा."

खुर्चीसाठी मान डोलावली. स्वतःची किळस येते.

शिडीवर चढलो तर खालून वहिनी म्हणाली, "भावजी, झेंडा नेताय की छप्पर?" आतून दादा — "नेऊ दे गं त्याला."

१७ मे, शुक्रवार

पत्रक वाटलं. 'सदर उमेदवाराशी पक्षाचा संबंध नाही.' मजकूर माझाच.

१८ मे, शनिवार

भरदुपारी दादाला दारातून ओढून काढलं. डोकं फोडलं, बरगड्या मोडल्या. वहिनी अंगावर आडवी पडली, तर तिची पाठ सोलून काढली. मी पोचलो तेव्हा उंबऱ्यावर त्याचे दात पडले होते आणि शेजारी खिडक्या लावून घेत होते. जिंकलेल्यांचं घर पेटवायचं म्हणून रॉकेल शोधायला लागलो.

तेवढ्यात पायाखाली मोडकी काठी आली. टोकाला काळी चिकटपट्टी. प्रचारात आमच्या पोरांच्या तळहातात कुसळं घुसायची, म्हणून झेंड्यांच्या काठ्यांना ती पट्टी मीच गुंडाळली होती. बाकी कुणाच्या काठ्यांना ती नसते. आमचीच पोरं! आणि अध्यक्षांच्या शब्दाशिवाय ती खुर्चीही हलवत नाहीत.

१९ मे, रविवार

दादा पहाटे गेला. आत्ता अध्यक्षांचा फोन — "तो उतरवलेला झेंडा बाहेर काढून ठेवा, अंगावर घालू. शेवटी आपलाच माणूस. मी निघालोय."

येऊ देत. झेंडा मी वहिनीला दिला, त्याने ती उंबरा पुसतेय. काठी माझ्याकडे आहे.