मृदंग बंद करून घेतलेली लढाई

५ ऑक्टो., रविवार
तोंडवलीला सुरूच्या बनात पहिली प्रॅक्टिस. कौस्तुभ दिग्दर्शक. पुण्याहून कोर्स करून आलाय, आता गावात शॉर्टफिल्म. त्यातली तलवारबाजी मी बसवायची. सरदार आमचा दादा, शत्रू सुयोग. सुयोगच्या देवगडला आंब्याच्या बागा, दंड जिममधले, पाय मात्र खांबासारखे एका जागी.

कौस्तुभला हवेत गिरक्या हव्यात. अरे, वाळूत घोटे रुततात, दम लागतो, हात जड होतो, तेच दाखव की. म्हणे, "ताई, एंटरटेनिंग पण हवं ना." मी काय कीर्तन बसवतेय?

८ ऑक्टो., बुधवार
तलवारी झाल्या. खिडक्या बनवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, कडा घासून गोल, मुठीला सायकलची ट्यूब. कौस्तुभ नाक मुरडतोय, चमकत नाहीत म्हणून.

सुयोगला परत परत तेच. आधी डोळ्यात बघ, मग हात उचल. पातं वीतभर अलीकडे थांबव, कॅमेऱ्याला ती वीत दिसत नाही. वार खरा वाटतो तो खाणाऱ्यामुळे, मारणाऱ्यामुळे नाही. ऐकतो आणि विसरतो.

दादाची अडचण वेगळी. दशावतारी कंपनीत इतकी वर्षं राजा केला. त्याची तलवार मृदंगाच्या थापेवर उठते, थापेवर पडते. मृदंग नाही तर दादा नुसता उभा. म्हणून कंपनीतल्या बाबलीचा मृदंग मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला, स्पीकरवर लावला. आणि काय सांगू, दोघेही सुटले. सहा वार, सहावा डोक्यावरून, दादा आडवी तलवार धरून झेलतो आणि गुडघ्यावर येतो. बघायला आलेल्या बायका मागे सरकल्या. फार बरं वाटलं. मुलगी म्हणून मला कंपनीच्या रंगमंचावर कोणी कधी उभं केलं नाही. हे माझं आहे.

११ ऑक्टो., शनिवार
दवाखान्यातून आत्ताच आलो.

शूटिंगला कौस्तुभने स्पीकर बंद करायला लावला. तलवारींचा आवाज जागेवरच घ्यायचाय म्हणे. मी म्हटलं, आवाज नंतर घाल, ही लढाई मृदंगावर बसलीय. नाही. मग मी मोठ्याने मोजते. तेही नाही, माझा आवाज येतो. "मनात मोजू देत ना, ताई." ऊन उतरत होतं, सगळ्यांना घाई. दादा म्हणाला, "जावंदे गो, करूया."

सुयोग सहाव्याला आधीच आला. दादा थापेची वाट बघत होता, जी वाजणारच नव्हती. पातं सरळ मुठीवरच्या बोटांवर. दादा ओरडला. तो नाटकातला आवाज नव्हता हे मला कळलं, कौस्तुभलाही कळलं असणार. तरी हा माणूस कट म्हणाला नाही. कॅमेऱ्याला डोळा लावून उभा. कट मी ओरडले.

उजव्या हाताचं मधलं बोट मोडलंय. टाके आणि प्लास्टर.

१२ ऑक्टो., रविवार
सुयोग येऊन रडून गेला. त्याच्यावर राग धरवत नाही. कौस्तुभ सफरचंदं घेऊन आला आणि पहिलं वाक्य काय, "दादा, फुटेज जबरदस्त आलंय." मी पिशवी परत त्याच्या हातात दिली. आई मलाच बोलली, घरी आलेल्या माणसाशी असं वागतात?

दादाला विचारलं, तुला राग कसा येत नाही? म्हणाला, "रागान बोट जुळता काय? गप बस बाय." दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही, त्याचंही आणि आईचंही.

२७ ऑक्टो., सोमवार
डॉक्टर म्हणाले, यंदा तलवार विसरा. जत्रांतले खेळ तोंडावर आलेत. कंपनीच्या मालकांचा फोन आला, चांगले बोलले, पण राजा दुसऱ्याला दिला. दादाने "बरा, बरा" म्हटलं आणि फोन ठेवला. मग पेटाऱ्यातला मुकुट काढून पुसत बसला. एका हाताने.

मला कौस्तुभचं घर पेटवावंसं वाटतंय. लिहिलं, बरं वाटलं. नाही, वाटलं नाही.

२ नोव्हें., रविवार
फिल्म तयार. कौस्तुभने मोबाइलवर पाठवली. तोच शॉट ठेवलाय. दादाचं बोट, दादाचा चेहरा, ती किंकाळी, सगळं स्लो मोशनमध्ये. आणि खाली काय वाजतंय? मृदंग. जागेवरचा आवाज हवा म्हणून जो बंद करायला लावला, तोच. बाबलीचाच. मीच दिलेलं रेकॉर्डिंग. शेवटी माझं नाव, तलवारबाजी दिग्दर्शन म्हणून, मोठ्या अक्षरात.

फोन केला. म्हटलं, तो शॉट काढ, नाहीतर माझं नाव काढ. शांतपणे म्हणतो, "ताई, लोक हाच शॉट बघतील. इतकं खरं कोणालाच जमलं नसतं."

खरं जमवायचं नसतंच रे. खरं वाटायला लावायचं असतं. एवढं तुझ्या कोर्सात शिकवलं नाही?

४ नोव्हें., मंगळवार
कौस्तुभचा मेसेज. दादा म्हणेल तर शॉट काढतो, संध्याकाळपर्यंत कळवा. म्हणजे आता तो साव आणि मी भांडकुदळ.

दादाला सांगितलं. वाटलं, काढ म्हणेल. त्याने आपल्या मोबाइलवर तो शॉट लावला, शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, "रवांदे."

"तुझं बोट मोडताना लोक टाळ्या वाजवणार, चालेल तुला?"

"औंदा खंयच्याच जत्रेत माका कोण बघूचो नाय. हंय तरी राजासारखो दिसतंय मा?"

चिडून स्वयंपाकघरात आले. त्याच्यावर, त्या पोरट्यावर, स्वतःवर, सगळ्यांवरच चिडून. कौस्तुभला "काढ" लिहिलं आणि खोडलं. "राहू दे" लिहिलं, तेही खोडलं. संध्याकाळ होत आलीय. पडवीत दादा तोच शॉट परत परत लावतोय. मृदंग इथवर ऐकू येतो. मी पाचापर्यंत मोजते आणि सहाव्याआधी कानांवर हात ठेवते.