कोठारघराचे वाकडे झरोके

मी, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची इंजिनीअर, वय एकतीस, अविवाहित, राहणार बंदराजवळच्या जुन्या लष्करी वस्तीतले कोठारघर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर निर्धास्त आहेत. मला कागद पुरे असलेले बरे वाटतात.

१. कोठारघर परक्या राजवटीत तोफांची दारू साठवायला बांधले. भिंतीतले झरोके मुद्दाम वाकडे आहेत: वारा वळून आत येतो, ठिणगीला वळता येत नाही. वडिलांनी हे घर माझ्या नावे केले. ते मी थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, देते.

२. हे वाचून वहिनी म्हणेल, "अगं, त्यालाच?" हो, त्यालाच. मी कामासाठी बाहेरगावी असताना त्याने सगळे झरोके सिमेंटने बुजवले.

"इंजिनीअरबाई, उंदीर येत होते."

"दादा, भिंतीला घाम फुटलाय."

"मग पंखा लाव तिला!"

तेव्हापासून तो बराकींमागे वेगळा राहतो. बेकरीत शेजारी उभा असला तरी माझ्याशी वहिनीमार्फत बोलतो.

३. अट: ते सिमेंट दादाने स्वतःच्या हाताने खरवडून काढावे आणि चुन्याचा गिलावा करावा. मजूर चालणार नाही. गवंडीकाकांनी शेजारी खुर्ची टाकून चुका काढाव्यात. त्यांना ते आवडते.

४. छिन्नी-हातोडी दादाला. ओलावा मोजायचे यंत्र वहिनीला, कारण आकडा तिने सांगितला तरच तो मानतो.

५. गल्लीच्या तोंडाशी उलटी पुरलेली तोफ सरकारी आहे, ती देता येत नाही. तिच्यावर बसायचा हक्क दादाने लहानपणी एकट्याने भोगला. तो आता त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, मिळावा.

६. माझी जुनी झडप नीट मिटत नाही, एवढेच. हे ऐकून दादाने सिमेंट कालवायला घेऊ नये.

७. मी सुखरूप घरी आले तर हे मृत्युपत्र रद्द समजावे. कलम तीन मात्र लागू राहील. वकीलकाका म्हणाले, "हे कायद्यात बसत नाही." नसू दे. मला जड उचलायला मनाई असेल. छिन्नी दाराशीच ठेवली आहे. चहा मी करीन.

स्थळ: कोठारघर, ओल्या भिंतीपासून जरा लांब.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार.
सही: इंजिनीअरबाई

साक्षीदार: गवंडीकाका (खुर्ची स्वतःची आणणार), बेकरीवाल्या मावशी.

वहिनीला यंत्र मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. तिने मागे उभे राहून सगळे वाचले आणि दादाला सांगणार नाही असे वचन दिले. ती ते आजच मोडेल, हे गृहीत धरले आहे.