तिसऱ्या नंबरचा किट

सर, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा रडले मी, खूप रडले, पण राग काही गेला नाही. आज धंतोलीतल्या एका दवाखान्याचं बिघडलेलं यंत्र उघडून बसले होते. आधी मेमरीत एक आकडा टाकला, मागे जाऊन तो वाचला, मगच पुढे सरकले. ही सवय तुमची. माझे हात अजून तुमचंच ऐकतात, याचाच जास्त संताप येतो.

पॉलिटेक्निकात मायक्रोप्रोसेसरचे किट आले त्या वर्षी आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत टीव्हीसुद्धा एकाच घरी होता. हिरव्या पाटीवर बटणं आणि सहा लाल आकडे. चार आकडे मेमरीतली जागा दाखवणारे, दोन त्या जागी काय लिहिलंय ते सांगणारे; त्यात ए ते एफ ही इंग्रजी अक्षरंही आकडेच. मी भराभर बटणं दाबत सुटले, तर मागून तुम्ही ओरडलात, "काहून वं, गाडी सुटून राहिली का तुही? टाकलं म्हणजे बसलं असं नसते. मागं जा, वाच, मग पुढं हो." नंतर मला तुम्ही रविवारी घरी बोलवायला लागलात. मॅडम स्वयंपाकघरातच पोहे द्यायच्या, तुमच्या मुलींच्या शेजारी बसवून, त्याच कपबश्यांत चहा. हे मी वस्तीत घरोघरी सांगितलं होतं. आई म्हणाली, माणूस सोन्यासारखा हाय. आणि तिसऱ्या नंबरच्या किटची खोडीसुद्धा तुम्हीच मला दाखवलीत ना? एका जागी 'तीन ई' टाकलं की तो 'तीन सी' दाखवायचा. "मेमरी गेली याची. चिप बदलली म्हणून वहीत सही करून बसलो मी, अन् चिप अजून आलीच नाही. तू ही जागा सोडून लिहीत जा."

प्रॅक्टिकलच्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या वाट्याला तोच किट आला. प्रोग्राम कुठून लिहायचा ते परीक्षकांनी प्रश्नातच दिलेलं, त्यामुळे ती जागा टाळता येईना. परीक्षक हिंगण्याच्या कारखान्यातले. त्यांना एकच ट्रेनी हवा होता आणि "ते जागा तुहीच" असं तुम्ही महिनाभर म्हणत होता. बाबांनी तर माझ्यासाठी जुनी सायकल बघून ठेवलेली. मी प्रोग्राम चालवते, उत्तर चुकतं. एकेक पायरी चालवत जाते आणि बरोबर त्या जागी येऊन थांबते. समोर लाल 'तीन सी'. मी म्हणते, "सर, हा किट खराब आहे." परीक्षक तुमच्याकडे वळतात. माझ्या जिवात जीव येतो, कारण आता तुम्ही बोलणार. आणि तुम्ही म्हणता, "किट व्यवस्थित आहे, साहेब. मुलीचीच काहीतरी चूक झाली असावी."

एवढं शुद्ध तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. वं नाही, तुही नाही. एका सहीपायी तुम्ही मला परकी करून टाकलंत, सर. विश्वासघातच केलात. ती जागा शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मिळाली. त्यानंतर तुम्ही मला व्हरांड्यात पाहिलं की वळून जायचात, आणि रविवारचं बोलावणं परत कधी आलं नाही.

एवढं सगळं मी लोकांना सांगत आले. पण मधलं एक राहिलं. परीक्षक भले होते. ते म्हणाले, "थांब, माझ्यासमोर परत टाक आणि वाचून दाखव." दोन बटणांचं काम होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे कान लाल झाले होते आणि हातातला खडू तुम्ही नुसता चोळत होता. मी हात पुढे केला आणि किटचा स्विच बंद केला. लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. "माझीच चूक झाली, सर," असं म्हणाले मी, कोणाला ते माझं मलाही ठाऊक नाही.

हा कागद हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवून देईन. बाबांनाही मी खरं सांगितलं नाही. ते सायकल धरून गेटवर उभे होते. मी म्हणाले, ऐन वेळी लाइट गेली.